उलटा व्हॉल्व्ह

अकरावीच्या सुट्टीत वीस दिवसांची इंटर्नशिप,
आणि शेवटी वहीत लिहायचं, काय शिकलात.
मला मिळाला रावपुऱ्यातला जिन्यावरचा स्टुडिओ,
जागृतीबेन, त्यांचे दोन कॅमेरे,
आणि एक ट्रायपॉड,
ज्याचा तिसरा पाय मलाच धरून ठेवावा लागे.

पहिला आठवडा बॅटऱ्यांचा.
भरलेल्या डाव्या खिशात, संपलेल्या उजव्या.
केबल कोपरावरून गुंडाळायची नाही;
एक वेढा सरळ, एक आतून, म्हणजे पीळ पडत नाही.
घरी आईच्या लोकरीवर करून पाहिलं.
आई म्हणाली, हे काय आता नवीन.
थर्माकोलचा पांढरा तुकडा घेऊन उन्हात उभी राहिले
दुसऱ्यांच्या हनुवटीखाली उजेड टाकत.

मग एका मंगळवारी नवापुऱ्यात, पिसाळकाकांकडे.
चौतीस वर्षं महापालिकेत व्हॉल्व्हमन.
पहाटे साडेचारला सायकल,
दांडीला बांधलेली लोखंडी चावी, माझ्या खांद्याएवढी,
आणि कुठल्या गल्लीला किती मिनिटं
ते सगळं मनगटात.

जागृतीबेन म्हणाल्या, आज बटण तू दाब.
दाबलं.
बोट इतकं घाबरलेलं, दोनदा दाबलं असणार.

काका बोलले. आजवा आटलेला, त्या वर्षाचं.
एक बाई व्हॉल्व्हच्या झाकणावर येऊन बसली, उठेचना.
म्हणाली, घरात मयत आहे, आंघोळ घालायची आहे.
काकांनी चावी फिरवली नाही.
चाळीस मिनिटं पाणी जास्त गेलं,
पुढची गल्ली कोरडी राहिली, तिने शिव्या दिल्या,
ऑफिसने मेमो.
एवढं सांगून काका चष्मा पुसत बसले.
जागृतीबेन हळूच म्हणाल्या, कट.
मी बटण दाबलं.

रात्री कॉम्प्युटरवर त्यातलं काहीच नव्हतं.
होतं ते मधलं मधलं.
माइकची वायर शर्टाच्या गुंडीत अडकलेली.
काका मला विचारतात, कुठली गं तू?
दांडिया बाजार.
वरच्या अंगाची की खालच्या?
वरच्यांना आम्ही दहा मिनिटं जास्त द्यायचो. चढ आहे.
पेल्यातलं उरलेलं पाणी ते बादलीत परत ओततात.
आणि एक पूर्ण मिनिट
कोणी काही विचारत नाही,
काका खिडकीबाहेर बघतायत,
गुडघ्यावरचा हात आपसूक वळतोय,
उजवीकडे, उजवीकडे, अजून थोडा.

जागृतीबेन ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.
काका म्हणाले, एकदा सांगितलं ना, आता ते तुमच्याकडे आहे.
नाही आहे, हे मलाच सांगावं लागलं.

काका आधी काही बोलले नाहीत, मग हसायला लागले.
या गावात तीन व्हॉल्व्ह उलटे बसवलेत, म्हणाले.
बंद करायला जावं तर उघडतात.
नकाशात नाहीत. नवीन माणूस फसतोच.
मग?
मग काय. नको त्या वेळी पाणी येतं.
पण लोक भरून घेतात.

फिल्ममध्ये ते मनगट वीस सेकंद आहे,
मागे निवेदन नाही.
झाकणावर बसलेली बाई कुठेच नाही.
ती आता काकांकडे, जागृतीबेनकडे, आणि माझ्याकडे.
तिच्या पातळाचा रंग विचारायचा राहिला.

वहीत मी लिहिलं: केबल गुंडाळणे, बॅटरी, रिफ्लेक्टर.
सरांनी सही केली. छान, असंही लिहिलं.

सहा दहाला मोरीतला नळ आधी खोकतो.
हल्ली त्या आवाजाने मला जाग येते.
पांघरुणातून हात काढून मनगट फिरवून पाहते,
चालू कुठल्या बाजूला,
अजून नक्की होत नाही.